गाजणारे शौर्य आणि धरलेला धीर : कुमारवयातील वीरत्वाचे प्रकार व त्यांची मराठी शब्दयोजना

१

पवना नदीच्या एका तीरावर चिंचवड आणि दुसऱ्या तीरावर थेरगाव अशी ही दोन गावे पूर्वी समोरासमोर नांदत होती. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका स्थापन झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि आता ह्या सबंध परिसराची एकच औद्योगिक नगरी बनली आहे. मराठवाडा, खानदेश, विदर्भ ह्या भागांतून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे थेरगावात मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले येथेच शाळेत जातात आणि येथेच मोठी होतात.

थेरगावात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाचा नित्याचा रस्ता पूल ओलांडून चिंचवडच्या चापेकर चौकातून जातो. तेथील स्मारक ज्या तीन भावांचे आहे, त्यांच्यापैकी धाकटा फाशी गेला तेव्हा विशीच्या आत होता. त्याच रस्त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक असतात. त्यांवर विशी-बाविशीतल्या तरुणांची चित्रे असून नावांपुढे ‘दादा’, ‘भाई’, ‘वाघ’, ‘किंग’ अशी बिरुदे लावलेली असतात. गेल्या काही वर्षांत पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या मुलांच्या बातम्या वृत्तपत्रांतून वारंवार आल्या. त्यांतील कित्येक मुले अल्पवयीन होती. स्मारक आणि फलक ह्या दोहोंची योग्यता एक नव्हे, हे सांगावयास नकोच. तथापि कुमारवयीन मुलाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एकाच प्रश्नाचे उत्तर मांडलेले असते. मोठे होणे म्हणजे काय, आणि मोठे झाल्याचे जगाला कसे कळते, हा तो प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचा विचार समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ आपापल्या परीने करतील. भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक मर्यादित पण महत्त्वाचे काम करता येते. वीरत्वाचे कोणकोणते प्रकार आपल्या भाषेने तरुणांपुढे ठेवले आहेत, त्यांना कोणते शब्द दिले आहेत, आणि कोणत्या प्रकारांना शब्द द्यावयाचे राहून गेले आहे, हे तपासणे हे ते काम. प्रस्तुत लेखात तेवढेच योजिले आहे.

२

वीरत्व एकविध नाही, हे भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात दानवीर, धर्मवीर व युद्धवीर असे वीराचे तीन भेद सांगितले आहेत. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात त्यांत दयावीराची भर पडून ते चार झाले. सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडिताने तर रसगंगाधरात ही गणना चारांवर थांबविण्यास आधार नाही असे दाखवून सत्यवीर, पांडित्यवीर, क्षमावीर असे आणखी भेद संभवतात असे प्रतिपादिले. वीररसाचा स्थायी भाव उत्साह हा होय. उत्साहाचा विषय बदलला की वीराचा प्रकार बदलतो, इतका हा सिद्धांत सरळ आहे.

ह्या परंपरेतील दोन गोष्टी आपल्या विषयाशी निकटच्या आहेत. पहिली म्हणजे दयावीराचे जे उदाहरण शास्त्रकार देतात, तो जीमूतवाहन तरुण आहे. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा हा नायक शंखचूड नावाच्या नागाच्या जागी गरुडाचे भक्ष्य होण्यास स्वतः जातो. तो कोणाला मारीत नाही आणि कोणाला जिंकीत नाही, तरीही शास्त्राने त्याला निःशंकपणे वीर म्हटले आहे. दुसरी गोष्ट अशी की, वीररसाचे संचारी भाव सांगताना विश्वनाथ धृतीचा उल्लेख सर्वांआधी करतो आणि गर्व नंतर येतो. धृती म्हणजेच मराठीतला धीर. युद्धवीराच्या ठायीदेखील धीर अपेक्षिलेला आहे; तो गळाला तर उत्साहाला नुसत्या आवेशाचे रूप येते.

परंतु ग्रंथांतील ही उदारता गावोगावच्या दगडांत उतरली नाही. महाराष्ट्रात अनेक खेड्यांच्या वेशीवर वा देवळापाशी वीरगळ आढळतात. त्यांवर सामान्यतः खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा क्रम कोरलेला असतो. गावासाठी वा गाईगुरांसाठी लढून मेलेल्याची ती स्मृती. स्त्रीसाठी दगड उभारला गेला तो बहुधा सतीशिळेच्या रूपाने. म्हणजे शास्त्राने चार-पाच प्रकारचे वीर मानले, पण ज्याच्या नावे दगड उभा राहिला तो मुख्यतः युद्धवीर, आणि तोही मेलेला. दुष्काळात पोरे जगविणाऱ्या विधवेचा अथवा साथीत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्याचा दगड शोधूनही सापडणे कठीण. स्मारकाच्या भाषेत मृत्यू हा वीरत्वाचा पुरावा ठरला आणि जगणे पुराव्यात धरले गेले नाही.

३

आता मराठीच्या बोलीकडे वळू. मराठीत ह्या अर्थक्षेत्रात शब्दांची वाण नाही. शौर्य, पराक्रम, साहस, धैर्य हे संस्कृतातून आले. हिंमत हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. धाडस, धमक, चिकाटी, नेट हे बोलीत रुळलेले आहेत. ह्या शब्दांचे कोशातील अर्थ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की केवळ अर्थ देऊन त्यांतील भेद कळत नाही. तो कळतो त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून.

पराक्रम आणि शौर्य ‘गाजविले’ जाते. धाडस ‘केले’ जाते. धीर मात्र ‘धरावा’ लागतो. तो ‘सुटतो’, ‘खचतो’, आणि मुख्य म्हणजे तो ‘देता’ येतो. एकाने दुसऱ्याला शौर्य दिले असे मराठीत कोणी म्हणत नाही. शौर्य ज्याच्या अंगी असते त्याच्याच अंगी राहते. धीर ही देण्याघेण्याची वस्तू आहे. आजारी माणसाला, परीक्षेला बसणाऱ्या मुलीला, नोकरी गेलेल्या शेजाऱ्याला धीर देतात. आणि ज्याने तो दिला त्याच्यापाशी तो कमी होत नाही. हिंमत हा शब्द ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. हिंमत ‘करतात’ही आणि ‘देतात’ही.

‘गाजणे’ ह्या क्रियापदाचा मूळ व्यापार ध्वनीचा आहे. जे गाजते त्याला ऐकणारा लागतो. एकांतात केलेला पराक्रम, कोणाला न कळता, गाजू शकत नाही. म्हणून शौर्य ‘गाजविणे’ ह्या प्रयोगात श्रोतृवर्ग गृहीत धरलेला आहे. धीर धरण्याला साक्षीदाराची गरज नसते. हा भेद कोणी नियम करून घातलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने तो भाषेत मुरला आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय आहे.

‘साहस’ ह्या शब्दाचा इतिहासही ह्या संदर्भात उद्‌बोधक आहे. आज आपण मुलांना साहसकथा वाचावयास देतो. पण धर्मशास्त्रात ‘साहस’ हे एका व्यवहारपदाचे, म्हणजे खटल्याच्या एका वर्गाचे, नाव होते आणि त्याचा अर्थ बलपूर्वक केलेला अपराध असा होता. बळाचा उघड वापर गुन्हा ठरावयाचा की गौरवास पात्र व्हावयाचा, हे तो कोणी, कोणाविरुद्ध आणि कशासाठी केला ह्यावर अवलंबून असते; एकाच शब्दाने दोन्ही अर्थ वाहिले, ह्यात नवल नाही. ‘धीर’ शब्दाचेही दोन मूळ सांगतात. एक ‘धृ’ धातूपासून, म्हणजे धरून राहणारा, स्थिर. आणि दुसरे ‘धी’पासून, म्हणजे बुद्धिमान. मराठीत पहिला अर्थ प्रबळ झाला, पण स्थिरतेत विचार अंतर्भूत आहे ही जाणीव त्यातून सर्वस्वी गेली नाही.

४

मोठे होण्यासाठी मराठीत जे शब्दप्रयोग आहेत त्यांचाही येथे विचार केला पाहिजे. मुलगा ‘हाताशी येतो’, ‘कर्तासवरता होतो’, ‘स्वतःच्या पायावर उभा राहतो’. हे सर्व प्रयोग कामाचे आणि भार उचलण्याचे आहेत. त्यांत लढाई नाही. शेतावर अथवा दुकानात बापाला हात देऊ लागला म्हणजे मुलगा मोठा झाला, ही ह्या भाषेची साधी व शहाणी कसोटी आहे. मुलीसाठी मात्र ‘पदर येणे’, ‘न्हाण येणे’, ‘शहाणी होणे’ असे प्रयोग आहेत. ते सगळे देहातील बदलाचे आहेत. तिने काय केले म्हणजे ती मोठी झाली, हे सांगणारा रूढ प्रयोग सहजी आठवत नाही.

ह्याचा परिणाम असा की, मुलाच्या दैनंदिन कष्टाला भाषेत मोठेपणाचा मान आहे, पण वीरत्वाचा नाही. आणि मुलीच्या धैर्याला दोहोंपैकी कोणताच नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चे वेगळेपण ह्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. त्या पुस्तकातील श्याम पोहायला जाण्यास भितो आणि लपून बसतो. आई त्याला शिक्षा करून पाण्याकडे धाडते, आणि त्या कठोरपणाच्या तळाशी तिची माया असते. तेथे एका भित्र्या मुलाला धीर दिला जात आहे, आणि देणारी एक गरीब स्त्री आहे. ह्या देण्याघेण्याला मध्यवर्ती स्थान दिल्यामुळेच ते पुस्तक महाराष्ट्रातील घराघरांत पोचले असावे.

५

हे भेद केवळ शब्दांपुरते आहेत की प्रत्यक्षातही आढळतात, हे पाहण्यासाठी पुण्याच्या इतिहासातील तीन तरुण जीवने घेऊ. तिन्ही एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि त्यांपैकी दोन एकाच साथीच्या वेळी एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

पहिले चिंचवडच्या चापेकरांचे. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे हरिदासाचे मुलगे. वडिलांच्या कीर्तनात साथ करीत ते वाढले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड ह्याच्या हाताखाली सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या, त्यांतून लोकांत संताप पसरला. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर व लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तेथेच मरण पावला; रँड ३ जुलै रोजी. दामोदरला १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव व महादेव रानडे ह्यांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर मे महिन्यात ८ तारखेस वासुदेव, १० तारखेस रानडे व १२ तारखेस बाळकृष्ण असे तिघे फासावर गेले.

हे युद्धवीराचे उदाहरण आहे, आणि त्यातील निर्भयता वादातीत आहे. परंतु दामोदरने कैदेत असताना जे आत्मवृत्त लिहिले, ते वाचणाऱ्यास आणखीही काही दिसते. शरीरसामर्थ्याची ओढ, सैन्यात शिरण्याची अपुरी राहिलेली इच्छा, आणि स्वकीय समाजसुधारकांवर केलेले हल्ले हे सर्व त्यात एकाच अभिमानाने सांगितलेले आहे. परकीय सत्तेविरुद्धचे शौर्य आणि मतभेद असलेल्या स्वकीयावरील हात हे लेखकाच्या लेखी एकाच उत्साहाचे आविष्कार होते. हे नमूद केल्याने त्या भावांच्या त्यागास उणेपणा येत नाही. ‘साहस’ शब्दात जे दोन अर्थ वावरतात, ते एकाच तरुणाच्या आयुष्यातही वावरू शकतात, इतकेच त्यावरून कळते. आणि तिन्ही मुलगे गेल्यावर मागे राहिलेल्या घरातील स्त्रियांनी जो धीर धरला असेल, त्याची नोंद इतिहासाने जवळजवळ ठेवलीच नाही.

दुसरे जीवन सावित्रीबाई फुले ह्यांचे. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. शाळेला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण व खडे टाकीत आणि म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ह्या हकीकतीतील खरी विचार करण्याजोगी वस्तू ते दुसरे लुगडे होय. आज अपमान होणार हे घरून निघतानाच ठाऊक आहे, त्याची तजवीज केलेली आहे, आणि तरीही वर्ग भरवावयाचा आहे, असा त्याचा अर्थ. येथे एक निर्णायक क्षण नाही. तोच क्षण दररोज सकाळी नव्याने येतो. गोळी झाडणाऱ्याच्या धैर्याची परीक्षा एका रात्री होते. ह्या सतरा वर्षांच्या शिक्षिकेची परीक्षा पंचांगातील प्रत्येक कामाच्या दिवशी होत होती.

पुढे एकोणपन्नास वर्षांनी, त्याच १८९७ च्या प्लेगात, ह्या दोन कथा शेजारी येतात. प्लेगने शहर धास्तावलेले असताना सावित्रीबाई व त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत हे हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांवर उपचार करीत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथवर आणले. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. गणेशखिंडीच्या घटनेस तेव्हा साडेतीन महिन्यांचा अवकाश होता. एकाच शहरात, एकाच संकटाला, एका वर्षाच्या आत युद्धवीर व दयावीर ह्या दोघांनी आपापली उत्तरे दिली. दोन्ही उत्तरांची किंमत प्राणांनी चुकविली गेली.

तिसरे उदाहरण मुक्ता साळवे हिचे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम किशोरवयातील ह्या मांग समाजाच्या मुलीचा ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ मध्ये छापून आला. आपल्या लोकांवर होणारा अन्याय आणि ज्या धर्मग्रंथांना हात लावण्याचाही अधिकार आपल्याला नाही त्यांच्याशी आपले नाते काय, हे प्रश्न तिने त्यात उघडपणे उपस्थित केले. जगन्नाथ पंडिताच्या यादीतील सत्यवीर हे नाव इतक्या यथार्थपणे ज्यास लावता येईल असे दुसरे उदाहरण त्या काळच्या मराठीत विरळाच. तिने शस्त्र उचलले नाही, रुग्णसेवा केली नाही. तिने एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिली, आणि ती लिहिणे हेच तिच्या परिस्थितीत धाडस होते. तिच्या पुढील आयुष्याविषयी मात्र आपल्या हाती फारसे काही नाही. निबंध उरला, चरित्र उरले नाही.

६

ह्या विवेचनानंतर पुन्हा थेरगावच्या रस्त्यावरील फलकाकडे पाहिले, तर त्यावरील ‘दादा’ व ‘भाई’ हे शब्द विशेष लक्ष वेधून घेतात. दोन्ही शब्द नात्याचे आहेत. दादा म्हणजे थोरला भाऊ. संयुक्त कुटुंबात वडिलांच्या माघारी धाकट्यांचा सांभाळ करणारा, त्यांच्या पाठीवर हात ठेवणारा तो दादा. पुढे हाच शब्द गल्लीत सत्ता गाजविणाऱ्याला लागला आणि त्याला ‘गिरी’ हा फारसी प्रत्यय जोडून ‘दादागिरी’ हा भाववाचक शब्द तयार झाला. ‘भाई’ शब्दाचा प्रवास अधिक वळणावळणाचा आहे. शेतकरी कामगार पक्षात भाई उद्धवराव पाटलांसारख्या नेत्यांच्या नावापुढे हा शब्द बरोबरीचे, बंधुत्वाचे द्योतक म्हणून येई. नंतर तोच मुंबईच्या गुन्हेगारी जगतात धाकाचे संबोधन बनला. दोन्ही ठिकाणी धीर देण्याचे नाते धाक घालण्याच्या नात्यात रूपांतरित झाले, पण शब्द तेच राहिले.

हा अर्थापकर्ष नुसता कोशात नोंदवून थांबता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला खऱ्या थोरल्या भावाची गरज असते. बाप तिन्ही पाळ्यांत कामाला, घर भाड्याचे, गाव दूर, अशा स्थितीत ती गरज अधिकच असते. ‘दादा’ हा शब्द त्याला जवळीक आणि आधार ह्यांचे आश्वासन देतो, आणि त्या आश्वासनाच्या आवरणाखाली त्याच्या हाती कोयता येतो. तो मुलगा फसतो तो आधी शब्दाने. कारण त्याला जे हवे होते ते धीर ह्या जातीचे होते, आणि जे मिळाले ते गाजण्याच्या जातीचे.

ह्याच थेरगावात कारखान्यात हेल्पर म्हणून रात्रपाळी करून सकाळी महाविद्यालयात येणारी मुले आहेत. धाकट्या भावंडांचे करून, घरचा विरोध सोसून परीक्षेला बसणाऱ्या मुली आहेत. ह्याच थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत क्रिकेट शिकलेला ऋतुराज गायकवाड २०२१ मध्ये भारताकडून खेळला. त्याची शतके गाजली, पण त्यामागची सरावाची वर्षे कोणाच्या कानी गेली नाहीत, आणि जाण्याचे कारणही नव्हते. ह्या सर्वांच्या ठायी जो गुण आहे त्याला मराठी ‘चिकाटी’, ‘सोशिकपणा’, ‘नेट’ असे शब्द देते. हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांना वीरत्वाच्या पंक्तीत पान मांडलेले नाही. ‘सोशीक’ म्हणून गौरविलेल्या मुलीकडून आपण आणखी सोसण्याचीच अपेक्षा करतो, ‘वीर’ म्हटलेल्याकडून मात्र काही बदलण्याची. सावित्रीबाई सोशीक होत्या असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, हे सहज पटते. तोच न्याय आपल्या वर्गातील मुलींना लावण्यास आपण विसरतो.

७

प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. वीरत्वाचे अनेक प्रकार आहेत हे ज्ञान आपल्या परंपरेत जुने आहे. ते नव्याने कोठून आणावयास नको. बोली मराठीनेही गाजणारे शौर्य आणि धरलेला, दिलेला धीर ह्यांतील भेद क्रियापदांच्या साहाय्याने जपून ठेवला आहे. उणीव आहे ती स्मरणाच्या व्यवस्थेत. वीरगळापासून फलकापर्यंत आपण गाजणाऱ्याचीच नोंद करीत आलो. मुलगा वयात येतो तेव्हा त्याच्यासमोर जे आदर्श उभे असतात, ते ह्या नोंदींतून आलेले असतात. म्हणून नोंद अपुरी असेल तर त्याची निवडही अपुऱ्यातूनच होते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे एक क्षेत्र मोकळे आहे. आपापल्या गावच्या बोलीत धैर्यवाचक शब्द कोणते, त्यांच्याबरोबर कोणती क्रियापदे येतात, ते स्त्रियांविषयी वापरताना बदलतात काय, आणि आजी-नातवाच्या पिढ्यांत त्यांचे अर्थ किती सरकले, हे ज्याने त्याने ऐकून टिपून ठेवावे. असा संग्रह हाती आला तर ‘वीर’ शब्दाखाली कोश काय सांगतात आणि लोक काय समजतात, ह्यांतील अंतर नीट मोजता येईल.

शिक्षकांपुरते सांगावयाचे तर काम ह्याहून साधे आहे. चापेकर चौकाची कथा वर्गात सांगताना १८९७ चा मार्च महिनाही सांगावा. दामोदर हा वासुदेवाचा खराखुरा दादा होता, ह्याचे स्मरण देऊन, त्या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि त्या नात्याबरोबर कोणती जबाबदारी येते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. उत्तर बहुधा त्यांच्यापाशी असते. घरात धाकटी भावंडे असलेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने कोणाला ना कोणाला कधी तरी धीर दिलेला असतो. त्याला वीरत्वाच्या कोणत्या नावाने ओळखावे, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.